एकशे आठ कड्या

प्रवरा नदीच्या काठी कोल्हार नावाचे गाव आहे. भगवतीदेवीच्या देवळामुळे हे गाव सर्वत्र प्रसिद्ध आहे. नगरहून मनमाडकडे जाणारा मोठा रस्ता याच गावावरून जातो आणि प्रवरेचा पूल ओलांडून पुढे धावतो. मालमोटारी, प्रवाशांच्या गाड्या, उसाने भरलेल्या ट्रॉल्या यांची त्या रस्त्यावर अखंड वर्दळ असते. या वर्दळीतून, रस्त्याची कड धरून, सायकलवर जाणारी माणसेही दिसतात. त्यांच्या दृष्टीने सायकल ही हौसेची वस्तू नसून पोटापाण्याचे साधन असते.

कोल्हार येथे असाच एक दूधवाला राहत होता. रोज पहाटे सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवून तो डेअरीत जाई. त्याची सायकल जुनी होती, परंतु भक्कम होती. तिला पुसणे, चाकांत हवा भरणे आणि साखळीला तेल घालणे ही कामे त्याच्या सातवीत शिकणाऱ्या मुलाने आनंदाने आपल्याकडे घेतली होती.

एके दिवशी सायंकाळी सायकलची साखळी तुटली. एका कडीची पट्टी मोडून साखळी जमिनीवर गळून पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध पोहोचवणे भाग होते. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हशींचे पाहा. नवी साखळी मी आणतो. अगदी बरोबर माप घेऊन जातो."

त्याने तुटलेली साखळी ओसरीवर ताणून सरळ ठेवली, तिच्या शेजारी दोरी धरली आणि साखळीच्या लांबीइतकी दोरी कापून घेतली. दुकानात नव्या साखळीशेजारी दोरी धरली, तेव्हा नवी साखळी अधिक लांब भरली. दुकानदाराने तिच्यातून दोन कड्या काढल्या. आणखी दोन काढाव्यात, तर साखळी दोरीहून आखूड होऊ लागली. "आखूड होण्यापेक्षा थोडी लांब असलेली बरी," असे ठरले आणि मुलगा साखळी घेऊन घरी आला. ती सायकलवर चढवल्यावर थोडी लोंबत होती. मागचे चाक ओढता येईल तितके मागे ओढले, तरीही ती पुरती ताणली गेली नाही. रात्र झाली होती. चालेल असे वाटले.

पहाटे दूधवाला किटल्या अडकवून निघाला. गल्लीतून मोठ्या रस्त्याकडे वळताना त्याने पायडलावर जोर दिला आणि त्याच क्षणी लोंबणारी साखळी दात्यांवरून निसटली. पायडल एकाएकी मोकळे फिरले, पाय घसरला आणि सायकल आडवी झाली. गुडघा खरचटला. एका किटलीतील सारे दूध मातीत सांडले. पन्नास पावले पुढे, मालमोटारींच्या रस्त्यावर हे घडले असते तर काय झाले असते, हा विचार कोणीच बोलून दाखवला नाही. पण तो सर्वांच्या मनात आला.

वडील रागावले नाहीत. मुलाला मात्र राहून राहून एकच प्रश्न पडत होता. माप तर बरोबर घेतले होते. मग साखळी लांब कशी झाली?

त्याच दिवशी तो सायकल हातात धरून गावातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेला. जुनी साखळी आणि ती दोरीही त्याने बरोबर नेली. मिस्त्रींनी सारी हकिकत ऐकून घेतली आणि ते म्हणाले, "बाळ, दोरी बाजूला ठेव. आधी या जुन्या साखळीच्या कड्या मोज."

सायकलच्या साखळीत दोन प्रकारच्या कड्या असतात. एका कडीच्या पट्ट्या आतल्या बाजूला, तर तिच्या शेजारच्या कडीच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला असतात. आतली, बाहेरची, पुन्हा आतली, पुन्हा बाहेरची असा क्रम अखेरपर्यंत चालतो. दोन कड्या जेथे मिळतात, तेथे एक पोलादी पिन असते आणि तिच्याभोवती एक लहानसा फिरता रूळ असतो. हा रूळ दातेरी चक्राच्या दोन दात्यांमधील खळग्यात बसतो. एका पिनेच्या मध्यापासून लगतच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर नेमके अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. जगात कोठेही तयार झालेल्या साध्या सायकलींच्या साखळ्यांत हे माप आज सारखेच आढळते. मोजताना आतली कडी एक आणि बाहेरची कडी एक, अशी प्रत्येक कडी वेगळी धरावयाची असते.

मुलाने कड्या मोजल्या. मोडलेली कडी धरून त्या १०८ भरल्या.

"आता हिशेब कर," मिस्त्री म्हणाले. "एक कडी अर्ध्या इंचाची. मग १०८ कड्यांची लांबी किती?"

"चोपन्न इंच," मुलगा उत्तरला.

मिस्त्रींनी दोरीला मोजपट्टी लावली. दोरी साडेचोपन्न इंचांहूनही किंचित लांब होती! मुलगा आश्चर्याने पाहत राहिला. कड्या १०८ आणि लांबी मात्र १०९ कड्यांहून अधिक. ही जास्तीची लांबी कोठून आली?

साखळी सैल झाली की लोक म्हणतात, 'साखळी ताणली गेली.' ऐकणाऱ्याला वाटते की पोलाद रबरासारखे लांबले असावे. वस्तुतः तसे होत नाही. पट्ट्यांची लांबी पहिल्या दिवशी असते तेवढीच शेवटच्या दिवशीही असते. झिजतात त्या पिना आणि पिनांभोवतीच्या नळ्या. साखळी चक्रावरून फिरताना प्रत्येक सांधा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. त्या वेळी पिन आणि नळी एकमेकींवर घासतात. रस्त्यावरील बारीक धूळ तेलात मिसळून सांध्यात शिरली, तर ती पॉलिश कागदासारखे काम करते आणि झीज अधिकच वाढते. झिजलेल्या सांध्यात थोडी पोकळी उत्पन्न होते आणि ओढ बसताच प्रत्येक कडी आपल्या जागेहून किंचित पुढे सरकते.

एका सांध्याची ही झीज डोळ्यांना दिसतही नाही. दूधवाल्याच्या साखळीत ती दर सांध्याला सुमारे ०.१३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वहीच्या एका पानाच्या जाडीएवढी होती. परंतु असे सांधे १०८ होते. थेंबे थेंबे तळे साचते, तशी १०८ पानांची जाडी एकत्र झाली आणि साखळी अर्ध्या इंचाहून अधिक लांबली. मुलाने दोरीने लांबी घेतली खरी. पण त्या लांबीत साखळीबरोबर अनेक वर्षांची झीजही मोजली गेली. नवी साखळी झिजलेली नव्हती. म्हणून जुनीइतकी लांब करण्यासाठी तिच्यात दोन कड्या अधिक ठेवाव्या लागल्या.

"म्हणजे लांबी मोजायचीच नाही, कड्या मोजायच्या!" मुलगा म्हणाला.

"होय," मिस्त्री म्हणाले. "जुनी साखळी पूर्वी नीट बसत असेल आणि दोन्ही चक्रे तीच असतील, तर कड्या मोजणे हाच सरळ मार्ग. पण साखळीचा तुकडा वाटेत हरवला असेल तर काय मोजशील? चक्र बदलले असेल तर? अशा वेळी सायकललाच विचारावे लागते."

सायकललाच विचारावे, या शब्दांचा अर्थ त्यांनी प्रत्यक्ष कृतीने समजावून दिला.

सायकलला दोन दातेरी चक्रे असतात. पुढचे मोठे चक्र पायडलांबरोबर फिरते. मागचे लहान चक्र, ज्याला फ्रीव्हील म्हणतात, ते मागच्या चाकाला जोडलेले असते. साखळी या दोहोंना वेढा घालते. तिचे चार भाग कल्पिता येतात : वरचा सरळ भाग, खालचा सरळ भाग, पुढच्या चक्राभोवतीचा अर्धा वेढा आणि मागच्या चक्राभोवतीचा अर्धा वेढा. या चार भागांची बेरीज म्हणजे साखळीची लांबी.

वेढ्यांचा हिशेब दात्यांवरून होतो. चक्रावर साखळी बसते, तेव्हा एका दात्यामागे एक कडी लागते. मुलाने दाते मोजले. पहिल्या दात्यावर खडूची खूण केली, म्हणजे तोच दाता पुन्हा मोजला जाण्याची भीती राहिली नाही. पुढच्या चक्राला ४८ दाते भरले, मागच्याला १८. अर्ध्या वेढ्यात पुढे २४ आणि मागे ९ दाते येतात. म्हणजे दोन्ही वेढ्यांना मिळून ३३ कड्या हव्यात.

राहिले दोन सरळ भाग. त्यांच्यासाठी पुढच्या चक्राच्या मध्यापासून मागच्या चक्राच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावयाचे होते. मुलगा मोजपट्टी लावणार, इतक्यात मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

"थांब! मागचे चाक आता कोठे आहे ते पाहा."

मागच्या चाकाचा आस सायकलच्या सांगाड्यातील एका लांबट खाचेत बसवलेला असतो. नट सैल केले की चाक त्या खाचेत पुढेमागे सरकवता येते. साखळी झिजून सैल पडू लागली की चाक थोडे मागे ओढतात आणि ताण पुन्हा ठीक करतात. दूधवाल्याने अनेकदा असे केले होते. त्यातच आदल्या रात्री चाक आणखी मागे ओढले गेले होते. आस आता खाचेच्या अगदी मागच्या टोकाला टेकला होता. त्या स्थितीत अंतर मोजले असते, तर दोरीने केलेली चूक मोजपट्टीनेही केली असती. झिजलेल्या साखळीमुळे मागे गेलेले चाक नव्या साखळीचे माप कसे सांगणार?

म्हणून मिस्त्रींनी नट सैल करून चाक खाचेच्या पुढच्या टोकाशी आणले. मग अंतर मोजले. ते साडेअठरा इंच भरले. चाक मागच्या टोकाला असताना तेच अंतर त्याहून तीन अष्टमांश इंचाने अधिक होते. साडेअठरा इंच म्हणजे अर्ध्या इंचाच्या ३७ कड्या. वरचा भाग ३७ आणि खालचा भाग ३७, मिळून ७४ कड्या झाल्या. त्यांत वेढ्यांच्या ३३ मिळवल्या. एकूण १०७.

"पण काका, जुन्या साखळीच्या कड्या तर १०८ होत्या!"

"दोन्ही चक्रे सारखी असती, तर तुझा हिशेब तंतोतंत जुळला असता," मिस्त्री हसून म्हणाले. "पुढचे मोठे, मागचे लहान. त्यामुळे साखळी दोहोंमधून थोडी तिरपी जाते. तिरप्या वाटेला थोडी लांबी अधिक लागते, आणि मोठ्या चक्राभोवतीचा वेढाही अर्ध्याहून थोडा अधिक असतो. म्हणून १०७ पुरत नाहीत. १०८ लागतात."

'थोडी अधिक' म्हणजे नेमकी किती, हे मुलाने दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताच्या बाईंना विचारले. बाईंनी फळ्यावर रीत लिहून दाखवली. दोन्ही चक्रांच्या दात्यांतील फरक काढावा, त्याला ६.२८ ने भागावे. आलेल्या संख्येचा वर्ग करावा. आणि त्या वर्गाला दोन चक्रांमधील अंतराच्या कड्यांनी भागावे. ६.२८ ही संख्या म्हणजे वर्तुळाच्या हिशेबात नेहमी येणाऱ्या ३.१४ ची दुप्पट होय. येथे दात्यांतील फरक ३० आहे. ३० भागिले ६.२८ म्हणजे सुमारे ४.७८. त्याचा वर्ग सुमारे २२.८. त्याला ३७ ने भागले की सुमारे ०.६२ येतात. म्हणजे १०७ मध्ये ०.६२ मिळवून १०७.६२ कड्या झाल्या.

आता कडीचा अपूर्णांक तर जोडता येत नाही. मग १०७ घ्याव्यात, १०८ घ्याव्यात की १०९? येथे साखळीच्या घडणीचाच एक नियम उपयोगी पडतो. आतली कडी आणि बाहेरची कडी यांचा क्रम एकाआड एक असतो. साखळीची दोन टोके जोडताना एका टोकाला आतली आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची कडी असेल, तरच ती एकमेकींत बसतात. म्हणून बंद साखळीतील कड्यांची संख्या समच असावी लागते. विषम संख्येसाठी एक वेगळ्या, वाकड्या आकाराची कडी मिळते. परंतु रोजच्या वापराच्या सायकलींत ती सहसा घालत नाहीत. तेव्हा १०७ आणि १०९ आपोआप बाद झाल्या. उरल्या १०६, १०८ आणि ११०.

१०६ कड्यांची साखळी बसवायची, तर चाक साडेअठरा इंचांपेक्षा पुढे आणावे लागेल. पण खाच तेथेच संपते. ११० कड्यांची बसवायची, तर चाक पुढच्या टोकापासून सुमारे ०.६ इंच मागे न्यावे लागेल. खाचेत मागे जायला जागा मात्र केवळ तीन अष्टमांश इंच, म्हणजे ०.३७५ इंच आहे. दुकानातून आलेली साखळी ११० कड्यांची होती! चाक पार मागे ओढूनही ती का लोंबत राहिली आणि पहाटे का निसटली, याचे उत्तर या दोन संख्यांत होते. १०८ कड्यांसाठी मात्र चाक पुढच्या टोकापासून केवळ एक दशांश इंच मागे घ्यावे लागते. त्यामुळे साखळी योग्य ताणावर बसते आणि पुढे ती झिजू लागली, तर चाक मागे ओढण्यासाठी खाचेत भरपूर जागाही शिल्लक राहते.

कड्या मोजण्याचा मार्ग निराळा आणि सायकल मोजण्याचा मार्ग निराळा. दोन्ही मार्गांनी उत्तर एकच आले : १०८. दोन निराळ्या वाटांनी जाऊन एकाच ठिकाणी पोहोचता आले, म्हणजे वाट चुकलेली नाही, याची खात्री पटते.

मिस्त्रींनी पिन काढण्याच्या हत्याराने नव्या साखळीतील दोन कड्या काढल्या. "साखळी लांब राहिली, तर दोन कड्या काढता येतात," ते म्हणाले. "आखूड तोडली, तर ती पुन्हा जोडत बसावे लागते आणि तो जोड कच्चा राहू शकतो. म्हणून आधी मोजावे, मग पुन्हा मोजावे आणि मगच तोडावे." त्यांनी फ्रीव्हीलचे दातेही तपासले. ते झिजून आकड्यासारखे वाकडे झाले होते. लांबलेली साखळी दात्यांच्या खळग्यात नीट न बसता वर चढते आणि दाते खाऊन टाकते. लहान चक्राला दाते थोडे असतात. त्यामुळे प्रत्येक दात्याच्या वाट्याला अधिक काम येते आणि ते मोठ्या चक्राच्या आधी झिजते. अशा दात्यांवर नवी साखळी घसरू शकते. म्हणून मिस्त्रींनी नवे फ्रीव्हील बसवले, पण ते १८ दात्यांचेच. दात्यांची संख्या बदलली असती, तर सारा हिशेब पुन्हा करावा लागला असता.

साखळीची दोन टोके जोडकडीने जोडली. या कडीवर माशाच्या आकाराची एक लहान क्लिप असते. तिचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे लागते. उघडे टोक पुढे राहिले, तर ते कशाला तरी अडकून क्लिप निघून पडण्याचा संभव असतो. शेवटी चाक सरळ आहे की नाही हे पाहून नट पान्याने घट्ट केले. साखळीच्या मध्यावर बोटाने वरखाली दाबले, तेव्हा ती सुमारे अर्धा इंच हलली. तेवढी ढील आवश्यक असते. साखळी तारेसारखी ताठ केली, तर चक्रे जड फिरतात आणि झीज लवकर होते. पायडल सावकाश फिरवून मिस्त्रींनी ही ढील चार-पाच ठिकाणी पाहिली; कारण चक्र किंचित वाकडे असले, तर साखळी एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ होते.

एवढ्याशा साखळीसाठी इतका हिशेब कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु या साखळीने जगाचा प्रवास बदलला आहे. पूर्वी सायकलला साखळी नव्हती. पायडले थेट पुढच्या चाकालाच असत आणि अधिक वेग मिळावा म्हणून ते चाक माणसाच्या छातीपर्यंत उंच करीत. अशा सायकलवरून पडणे म्हणजे हातपाय मोडून घेणेच होते. १८८० मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड यांनी रूळ आणि नळ्या असलेली टिकाऊ साखळी तयार केली. १८८५ मध्ये कव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बनवली. आजची सायकल हे तिचेच रूप आहे. दूधवाल्याच्या सायकलचे पायडल एकदा फिरले की मागचे चाक ४८ भागिले १८, म्हणजे सुमारे २.६७ वेळा फिरते आणि २८ इंची चाकाची सायकल जवळजवळ सहा मीटर पुढे जाते. उंच चाकाचे काम दोन दातेरी चक्रे आणि एक साखळी करू लागली.

हे नवे वाहन महाराष्ट्रीय माणसांपर्यंत पोहोचायला फार काळ लागला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये आपल्या बंधूंसह बेळगाव येथे सायकलींचे दुकान सुरू केले. यंत्रांची आवड असलेल्या या गृहस्थांनी पुढे लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. अमेरिकेतील राइट बंधूंचाही उद्योग सायकली दुरुस्त करण्याचा आणि बनवण्याचा होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान आकाशात उडाले, तेव्हा त्याच्या इंजिनाची शक्ती दोन पंख्यांपर्यंत साखळ्यांनीच पोहोचवली होती.

कोल्हारच्या मुलांना तर साखळीचे सामर्थ्य पाहण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. जवळच प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे त्याला मार्गदर्शन लाभले आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. साखर कारखान्यात ऊस ज्या गव्हाणीत टाकतात, तेथून तो चरकाकडे वाहून नेण्याचे काम दणकट साखळ्या करतात. त्या साखळ्यांच्या कड्या सायकलच्या कडीपेक्षा कितीतरी पट मोठ्या असतात. परंतु नियम तोच : कडीचे माप आणि दात्यांमधील अंतर जुळले पाहिजे. ते जुळेनासे झाले, तर गव्हाण थांबते, चरक थांबतो आणि उसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते.

दुसऱ्या दिवसापासून दूधवाला पूर्वीप्रमाणे पहाटे डेअरीत जाऊ लागला. मुलाने एक नियम स्वतःला घालून घेतला. महिन्यातून एकदा तो साखळी कोरड्या फडक्याने पुसतो, प्रत्येक सांध्यावर तेलाचा थेंब सोडतो आणि वरचे तेल पुसून टाकतो. कारण आतले तेल झीज थांबवते, तर बाहेरचे तेल धूळ गोळा करते. नंतर तो साखळीवर पोलादी मोजपट्टी धरून २४ कड्या मोजतो. नव्या साखळीत त्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ इंचांहून एक षोडशांश इंचाने अधिक भरू लागल्या, की साखळी बदलण्याची वेळ आली असे समजावे. एक अष्टमांश इंचापर्यंत वाट पाहिली, तर साखळीबरोबर दातेही जातात.

त्या मुलाने दोरी काळजीपूर्वक धरली होती, लांबीही प्रामाणिकपणे घेतली होती. त्याचा दोष हाताचा नव्हता. काय मोजावे आणि कोणत्या स्थितीत मोजावे, हे त्याने आधी स्वतःला विचारले नव्हते. झिजलेल्या वस्तूवरून घेतलेले माप कितीही काळजीने घेतले, तरी त्यात तिची झीज उतरतेच. म्हणून मोजपट्टी हातात घेण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करावा. तो क्षण वाया जात नाही. कोल्हारच्या त्या घरात एक किटली दूध सांडल्यानंतर हे उमगले. इतरांना ते न सांडताही उमगू शकते.